दीड मीटर

जुलैत आमचे बूट गॅलरीत उपडे पडून असतात,
तळांच्या खाचांत मार्चमधली खडी.
बाहेर सत्तेचाळीस. कातळावर हात टेकला
तर हाताचाच पापड.
म्हणून त्या शुक्रवारी खांबेटे म्हणाले,
चला, गारेगार डोंगर बघू. ना चढ, ना घाम.

शारजात, खाडीजवळचं संग्रहालय.
आम्ही सात जण, सवयीने पाण्याच्या बाटल्या घेऊन.
त्या दारातच ठेवाव्या लागल्या.

वरच्या मजल्यावर, शेवटच्या खोलीत, जलरंगातली एक वादी.
वहीच्या पानाएवढी. खालची सही पुसट.
दोन्हीकडे तांबूस कडे, मध्ये कोरडं पात्र,
रानबोरीसारखं एक झाड
आणि निळ्यात विरत गेलेली मागची रांग.

लोक चित्रापुढे गप्प होतात.
आम्ही भांडायला लागलो.
रेजिना म्हणाली, डावीकडून चढता येईल.
घसारा आहे तो, परकार म्हणाले, हाडं गोळा करायला आम्ही येणार नाही.
तंबू झाडाखाली नको, रात्रीत लोंढा येतो.
आणि हा रंगवायला बसला कुठे? सावली तर पलीकडे.
मग परकारच हळूच म्हणाले,
पाणी कुठून आणलं असेल याने?
प्यायचं नाही म्हणत मी. रंगांचं.

सगळेच थांबलो.
बाटलीच्या बुडाशी उरलेला शेवटचा घोट
ब्रशला पाजेल असा माणूस
आमच्यात एकही नव्हता.

मी वाकून बघायला गेले, तेवढ्यात मागून आवाज:
'मॅडम, देड मीटर.'
फरशीवर पिवळी पट्टी, माझे पाय तिच्या पुढे.
पहारेकरी. छातीवर पाटी, मोफिज्जुल.
'बकरी देखा?' त्याने विचारलं.
आम्ही कुणीच पाहिली नव्हती.
उजव्या कड्यावर, नखाएवढ्या सावलीत, तीन ठिपके.
चौथा सापडायला, म्हणाला, मला सहा महिने लागले.

सहा वर्षं तो या खोलीत उभा.
गाव बरिसालकडचं, तिथे उंच म्हणजे नदीचा बांध
किंवा होडीचं शीड.
डोंगर त्याने जन्मात एकच पाहिलेला, हा.

डिसेंबरात त्याला घेऊन गेलो.
खोरफक्कानच्या मागे, पहाटे पाचला,
खांबेट्यांच्या भावाचे बूट, आत दोन-दोन मोजे,
मांडीवर परकारांच्या घरच्या सांदणांचा डबा.
वळण सरलं आणि कडा अंगावरच आला.
आम्ही फोन काढले.
त्याने हात पाठीमागे बांधले,
दोन पावलं मागे सरकला,
पायांत अंतर घेऊन उभा राहिला.

'अरे, लाव हात,' खांबेटे म्हणाले,
'इथे कोणी ओरडत नाही.'
तो हसला. लावला नाही.
डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, वर बघितलं,
म्हणाला, याला कोपरेच नाहीत,
राखायचं कसं?

मग बराच वेळ काहीच नाही.
सांदणं संपली. रेजिनाचा गुडघा कुरकुरला.
आणि बोट न उचलता, नुसत्या हनुवटीने,
'बकरी.'

आठ वर्षं जातोय आम्ही त्या वादीत.
कड्याच्या पोटातून वाट आहे हे ठाऊक नव्हतं.
काळ्या चार शेळ्या, भिंतीवर खिळे ठोकावेत तशा ओळीने,
आमच्या नकाशात नसलेल्या रेषेवरून
सावकाश पुढे चाललेल्या.

परकार लगेच दोर उलगडायला बसले.
मी वही काढली. रंगपेटी ऑगस्टात घेतलेली,
एकही वडी अजून न भिजलेली.
बाटलीत दोन बोटं पाणी,
गाडी तास-दीड तासावर,
आणि तहान तर होतीच.

झाकण फिरवलं तेव्हा
मोफिज्जुल माझ्या मागे येऊन उभा राहिला होता,
कोणी न सांगता,
नेमक्या अंतरावर.